दफनभूमीसाठी सॉफ्टवेअर घेतलं, पण नुसत्या पावत्याच निघतात. तुम्ही कसं वापरता?

भांडारपाल_नगर

सर्वांना सलाम.

मी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. एस.टी.च्या भांडारात तेहतीस वर्षं काढली. निवृत्त झालो आणि मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांनी, ख्रिस्ती दफनभूमी समितीचं सचिवपद दिलं. पावणेदोन एकर जागा, चहूबाजूंनी दगडी कंपाउंड, मधोमध विहीर, फाटकाशी एक खोली. खोलीत एक कपाट, कपाटात तीन जुन्या वह्या, टेबलावर कॉम्प्युटर.

आधीच्या समितीने तीन वर्षांपूर्वी ४८ हजार मोजून सॉफ्टवेअर घेतलं. वर्षाला देखभाल कराराचे ९ हजार वेगळे. हा पैसा वर्गणीचा आहे. वीटभट्टीवर राबणाऱ्या माणसाचे पन्नास रुपयेसुद्धा त्यात आहेत, म्हणून तो वाया गेलेला मला सोसवत नाही. आजघडीला त्यातून फक्त पावत्या निघतात. पावत्या काय, पावतीपुस्तकातूनही निघत होत्या.

मुळात हे हाउसिंग सोसायटीचं सॉफ्टवेअर आहे. 'फ्लॅट'च्या जागी 'कबर' लिहिलं, 'सभासद' तसाच ठेवला, 'मेंटेनन्स बिल'ची 'देखभाल वर्गणी' झाली. त्यातून काय काय घडलं ते सांगतो.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये वर्गणीचे मेसेज आपोआप गेले. आमच्यातल्या एका बाईंचे यजमान फेब्रुवारीत वारले होते. त्यांचा मोबाइल बाई वापरत होत्या. त्यावर यजमानांच्याच नावाने मेसेज आला, 'आपली थकबाकी त्वरित भरावी'. त्या सकाळी माझ्या दारात आल्या, काही बोलल्या नाहीत, नुसता फोन पुढे धरला. मी हात जोडले. त्या दिवसापासून मेसेज बंद ठेवलेत.

दुसरं, आमच्याकडे नवरा-बायकोला एकाच कबरीत ठेवण्याची पद्धत आहे. पहिल्याला खोल ठेवतात, वर्षांनी दुसऱ्याला वर. सॉफ्टवेअर दुसरं नाव घेत नाही, 'ही जागा भरलेली आहे' म्हणतं. मग कारकून पोराने ११२अ, ११२ब असे नंबर पाडले. आता कॉम्प्युटरवर जितक्या कबरी दिसतात तितक्या जमिनीवर नाहीतच.

तिसरी गोष्ट मनाला फार लागली. यंदा ईस्टरच्या पहाटे पुण्याहून एक गृहस्थ ऐंशीच्या घरातल्या आईला घेऊन आले. त्या बाईंना स्वतःच्या आईच्या कबरीवर फुलं ठेवायची होती. आई १९७४ साली गेलेली, नाव सारा. कॉम्प्युटरवर 'सारा' टाकलं, काही नाही. 'साराबाई' टाकलं, काही नाही. ऊन वर आलं, म्हातारीचे पाय दुखायला लागले. शेवटी त्यांनी फुलं विहिरीच्या कठड्यावर ठेवली, तिथेच प्रार्थना केली आणि गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "असू द्या बाळा, इथंच कुठंतरी आहे ती."

भांडारात मी असताना साहेबांनी एखादा पार्ट मागितला आणि तो सापडला नाही, असं सहसा झालं नाही. इथे माणूस सापडत नाही.

सॉफ्टवेअरवाले आता आणखी ३५ हजारांत कबरींना क्यूआर कोड आणि मोबाइल अ‍ॅप देऊ म्हणतात. समितीतल्या तरुणांना ते हवंय. मला आधी घेतलेलं नीट वापरायचंय. हे सॉफ्टवेअर टाकून द्यावं, की यातूनच काही काढता येईल? आणि सुरुवात कुठून करू? अनुभव असलेल्यांनी सांगावं.

---

वसई_पॅरिश_ऑफिस

काका, नमस्कार. मी वसई पट्ट्यातल्या एका चर्चच्या ऑफिसात अकरा वर्षं काम करतेय. टाकून देऊ नका. आमचंही असंच सोसायटीचं सॉफ्टवेअर आहे आणि आता ते उत्तम चालतं.

तुमची पहिली दोन दुखणी एकच आहेत. सोसायटीत फ्लॅटचा मालक आणि तिथे राहणारा बहुतेक वेळा एकच असतो. दफनभूमीत कबरीत असलेली व्यक्ती वेगळी, त्या कबरीवर हक्क सांगणारी आणि वर्गणी भरणारी व्यक्ती वेगळी, आणि जागा या दोघांहून वेगळी. जागा, मृत व्यक्ती आणि हक्कदार, अशा तीन स्वतंत्र याद्या हव्यात. तुमच्याकडे तिन्ही 'सभासद' या एका रकान्यात कोंबल्या आहेत. म्हणून मेसेज गेलेल्या माणसाच्या नावाने गेला.

आमच्याकडे जागेची टंचाई इतकी की ठरलेली मुदत झाली की कबर पुन्हा उघडतात, अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. आम्ही त्याला निश म्हणतो. एकाच जागेत गेल्या चाळीस वर्षांत चार जण विसावले असं अनेक ठिकाणी आहे. 'एक जागा, एक नाव' या हिशेबाने आम्ही एक वर्षही काढू शकलो नसतो.

आता उपाय. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये 'भाडेकरू नोंद' नावाचा भाग असेल, बघा. सोसायटीला तो पोलिसांच्या कामासाठी लागतो, म्हणून अशा बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये तो असतो. त्यात एका फ्लॅटला कितीही भाडेकरू चालतात, प्रत्येकाला 'पासून' आणि 'पर्यंत' अशा तारखा असतात. आम्ही मृत व्यक्तींच्या नोंदी तिथे नेल्या आणि त्या भागाचं नाव 'दफन नोंद' करून घेतलं. 'पासून' म्हणजे दफनाची तारीख, 'पर्यंत' म्हणजे अस्थी हलवल्या तर ती तारीख, नाहीतर मोकळं. 'सभासद' म्हणजे फक्त हयात हक्कदार. 'नॉमिनी'त त्याच्यामागे कोण. निशसाठी आम्ही पार्किंगचं रजिस्टर वापरतो, तिथे नुसते नंबर आणि वाटप एवढंच लागतं.

नावं बदलून देणं हे देखभाल कराराच्या पैशांतच बसतं. ९ हजार भरता ना, मग लेखी मागा. आमच्याकडे दीड तासात करून गेले.

एक आठवण ठेवा. हक्कदार वारला की त्याचं दफन नोंदवतानाच त्याचं सभासदाचं खातं 'वारस ठरेपर्यंत थांबवलेले' करायचं, बिल नाही, मेसेज नाही. हे त्याच बैठकीत, त्याच माणसाने. उद्यावर टाकलं की राहतं. त्या बाईंचं वाचून फार वाईट वाटलं.

---

ताळेबंद

भांडारपाल साहेब, दफनाच्या पावतीवर तुमचं सॉफ्टवेअर जीएसटी लावतं का, ते आधी तपासा.

मी ट्रस्टांचे हिशेब लिहितो. एका स्मशानभूमी ट्रस्टच्या पावत्यांवर दीड वर्ष १८ टक्के कर लागत होता, कारण सॉफ्टवेअरमध्ये सेवा म्हटली की १८ असं आधीच भरलेलं होतं. कुणी पाहिलं नाही. दुःखात असलेला माणूस पावती वाचत नाही, पैसे देतो आणि जातो. केंद्रीय जीएसटी कायदा २०१७ च्या तिसऱ्या अनुसूचीत अंत्यविधी, दफन, दहन, शवागार आणि पार्थिव नेण्याची सेवा हे सगळं कराच्या कक्षेबाहेरच ठेवलेलं आहे. शून्य टक्के लावायचा असंही नाही, तो पुरवठाच धरला जात नाही. फरशी किंवा संगमरवरी पाटी ट्रस्टने स्वतः विकली तर ती बाब वेगळी, तिची पावती वेगळी करा आणि सीएला विचारा.

दुसरं, राखीव जागांचे पैसे. माणूस हयात असताना जोडीदाराशेजारची जागा राखून ठेवतो आणि पैसे भरतो. सॉफ्टवेअर ते आलेल्या महिन्याचं उत्पन्न दाखवतं, समिती खूश होते, कंपाउंडला रंग काढते. वीस वर्षांनी जागा द्यायची वेळ येते तेव्हा खड्डा खणायची मजुरी कुठून द्यायची? ती रक्कम ठेव म्हणून देण्याच्या बाजूला दाखवा आणि कायम देखभालीसाठी आलेला पैसा निर्धारित निधीत, म्हणजे त्याच कामासाठी बाजूला ठेवलेल्या निधीत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली तुमची नोंदणी असेल तर ताळेबंद अनुसूची ८ मध्ये आणि उत्पन्न-खर्च अनुसूची ९ मध्ये द्यावाच लागतो, आणि ८ मध्ये निर्धारित निधींना स्वतंत्र जागा आहे. सॉफ्टवेअरमधली खाती त्याच नावांनी उघडली तर मार्चअखेर ऑडिटरकडे बसून पुन्हा लिहावं लागत नाही. तुमच्याकडे टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर असेल तर तिथे कॉस्ट सेंटर, म्हणजे खर्चाचे वेगळे कप्पे, करा: जुना भाग, नवा भाग, विहीर-पाणी, कंपाउंड. कुठल्या भागावर किती खर्च होतो ते वर्षात कळतं.

क्यूआर कोडचे ३५ हजार सध्या बँकेत राहू द्या.

---

भांडारपाल_नगर

ताई, 'भाडेकरू नोंद' खरंच आहे. मेन्यूत सगळ्यात खाली होती, कुणी उघडलीच नव्हती. साहेब, दफनाच्या पावतीवर कर नाही लागत, पण राखीव जागांचे पैसे गेली तीन वर्षं उत्पन्नातच धरलेत. एकूण १४ जागा निघाल्या. खजिनदारांना कळवलं.

ताईंनी म्हटलेल्या तीन याद्या वाचताना मला आमचं बिन कार्ड आठवलं. भांडारात प्रत्येक खणाला एक कार्ड टांगलेलं असायचं, आला-गेला माल तिथल्या तिथे लिहायचा. ऑफिसात लेजर वेगळं. महिनाअखेर दोन्ही जुळलेच पाहिजेत. जुळलं नाही तर लेजरवर विश्वास ठेवायचा नाही, खणाशी जाऊन मोजायचं. इथे आमच्याकडे लेजर आहे, खणांना कार्डच नाही. जमिनीवर एकाही कबरीला नंबर नाही! ११२ म्हणजे कुठली, हे फक्त खड्डा खणणाऱ्या आमच्या मामांना ठाऊक आहे, आणि मामांचं वय ७१.

---

जन्ममृत्यू_खिडकी

मी नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर आहे. दफनभूमीवाल्यांकडून नेहमी होणारी एक चूक सांगतो.

मृत्यूची नोंद मृत्यू जिथे झाला तिथल्या निबंधकाकडे होते, दफन कुठे झालं त्यावर नाही. माणूस पुण्याच्या हॉस्पिटलात वारला आणि तुमच्या गावी पुरला, तर दाखला पुण्याचाच. अनेक समित्या आमच्याकडे येऊन 'आमच्याकडे दफन झालं, दाखला द्या' म्हणतात, आणि नातेवाइकांचे दिवस जातात. २१ दिवसांत कळवलं तर विनाशुल्क. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क. ३० दिवसांनंतर वर्षाच्या आत असेल तर वरिष्ठांची लेखी परवानगी. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. मागच्या महिन्यात एक विधवा बाई चौदा महिन्यांनी आली, पेन्शन अडकलेली. दफनभूमीच्या पावतीलाच ती दाखला समजत होती.

म्हणून सॉफ्टवेअरमध्ये दफनाच्या नोंदीत एवढं तरी हवं: मृत्यूची तारीख, मृत्यूचं ठिकाण म्हणजे गाव आणि हॉस्पिटल की घर, मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र पाहिलं का, आणि दाखला क्रमांक. हॉस्पिटलात मृत्यू असेल तर प्रमाणपत्र नमुना ४ मध्ये येतं, बाहेर असेल तर ४अ मध्ये. दाखला क्रमांकाचा रकाना पहिल्या दिवशी मोकळा राहणार, हरकत नाही. पंधराव्या दिवशी जे रकाने मोकळे आहेत त्यांची यादी काढा आणि त्या घरी फोन करा. अजून सहा दिवस हातात असतात. तुमच्या सॉफ्टवेअरला थकबाकीची यादी काढता येते ना? हीसुद्धा तशीच यादी. माझ्या मते या सॉफ्टवेअरचा समाजाला सगळ्यात मोठा उपयोग हाच होईल.

आणि हो, जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १० मध्ये दफन-दहनाच्या जागेच्या रखवालदाराचं किंवा मालकाचं नाव कळवण्याची जबाबदारी असलेल्यांमध्ये आहे. हे आपलं काम नाही असं समजू नका. तुमच्या पालिकेत विचारून त्यांना माहिती कोणत्या नमुन्यात हवी ते घ्या, म्हणजे एकदाच टाइप करावं लागेल.

मृत्यूचं कारण मात्र तुमच्या कॉम्प्युटरवर लिहू नका. प्रमाणपत्र पाहिलं, एवढीच खूण पुरे. ती त्या घराची खासगी गोष्ट आहे.

---

पाटीवाचक_पुणे

सचिवसाहेब, सलाम. मी गेली काही वर्षं जुन्या दफनभूमींतल्या पाट्या वाचून त्यांची नोंद करतो. बिन कार्डाचं तुम्ही लिहिलंत तिथेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. सॉफ्टवेअर बंद करा, टेप घ्या आणि मामांना सोबत घ्या. मामा आहेत तोवर.

खडकीची युद्ध दफनभूमी एकदा पाहून या. ती राष्ट्रकुल युद्ध कबर आयोगाकडे (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन) आहे, तो आयोग १९१७ साली स्थापन झाला. तिथे प्रत्येक कबरीचा पत्ता विभाग, ओळ, क्रमांक असा तीन भागांचा. नाव शोधलं की पत्ता मिळतो आणि पत्त्यावर चालत गेलं की माणूस मिळतो. कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधीपासून ही पद्धत आहे. तुमचे ११२, ११३ हे नंबर दफनाच्या क्रमाने पडलेत, जागेच्या क्रमाने नाहीत, म्हणून ते कागदावरच राहतात. जागेला जागेचा नंबर द्या आणि जुना नंबर 'वहीतील क्रमांक' म्हणून वेगळ्या रकान्यात जपा. पुसू नका.

मोबाइलच्या जीपीएसवर विसंबू नका. मोकळ्या आभाळाखालीही पाचेक मीटर इकडेतिकडे दाखवतो. कबर तीन फूट रुंद, म्हणजे तेवढ्यात चार-पाच कबरी बसतात. दोन पक्के बिंदू धरा, तुमच्याकडे फाटकाचा खांब आणि विहीर आहेच. ओळीतल्या पहिल्या आणि शेवटच्या कबरीचं अंतर दोन्ही बिंदूंपासून टेपने मोजा. ओळ पक्की झाली की मधल्या मोजायला सोप्या.

पाट्यांचे फोटो सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी घ्या, ऊन तिरपं पडलं की झिजलेली अक्षरं उठून दिसतात. पाटी सावलीत असेल तर आरशाने बाजूने ऊन पाडा. तारेचा ब्रश, अ‍ॅसिड, खडू काहीही लावू नका, साधं पाणी आणि मऊ कुंचला एवढंच.

आता त्या आजींबद्दल. कॉम्प्युटरवर 'सारा' न सापडण्याची कारणं मला तीन दिसतात. एक, नोंद जुन्या फॉन्टमध्ये टाइप झाली असेल. दिसायला मराठी, पण युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना कळणारी अक्षरपद्धत, नाही, त्यामुळे शोधात येत नाही. दोन, आपल्या लोकांची नावं एकाच घरात चार तऱ्हांनी लिहिली जातात. दाविद, दावीद, डेव्हिड. शमुवेल, सॅम्युएल. योहान, जॉन. बाप्तिस्म्याचं एक आणि घरचं दुसरं. यासाठी 'इतर नावे' असा एक रकाना हवा आणि शोध त्यातही चालला पाहिजे. मूळ वहीतलं लेखन मात्र जसंच्या तसं ठेवा, चुकलेलं असलं तरी. तीन, आणि हेच मला जास्त संभवतं, वहीत बाईचं नावच नसेल. जुने लिहिणारे बाईला नवऱ्याच्या नावाने लिहायचे. 'अमक्याची मंडळी', 'तमक्याचे कुटुंब'. तिथे मंडळी किंवा कुटुंब म्हणजे बायको. आजींच्या वडिलांचं नाव विचारा आणि मूळ वही उघडा, कॉम्प्युटर नको.

तुमच्या जुन्या भागात कुणी युरोपीय किंवा अँग्लो-इंडियन असतील तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात मुंबई इलाख्याच्या चर्चमधल्या दफननोंदी आहेत, त्या एन/३ या क्रमांकाखाली लावलेल्या आहेत. आपल्या माणसांसाठी मात्र तुमच्या त्या तीन वह्या हाच एकमेव पुरावा. त्यांचे पानन् पान फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा. हे बाकी सगळ्याच्या आधी.

---

भांडारपाल_नगर

सलाम. पाच महिन्यांनी लिहितोय. पावसाळ्यात काम थांबलं होतं.

वह्यांचे ६४० फोटो काढले. एक संच चर्चच्या तिजोरीत पेनड्राइव्हवर, एक माझ्या मुलीकडे पुण्याला. दुसऱ्या वहीच्या शेवटच्या बारा पानांना वाळवी लागलेली होती. आणखी एक पावसाळा गेला असता तर तीही पानं गेली असती.

मग मामा, मी आणि कॉलेजातली दोन पोरं, टेप आणि चुना घेऊन उतरलो. मामा प्रत्येक उंचवट्याशी थांबायचे. "ही शांतवन ड्रायव्हरची. ही त्याच्या धाकट्याची, तो विहिरीत पडला होता." पाटी नाही, क्रूस नाही, नुसता मातीचा उंचवटा. मी विचारलं, मामा, एवढं ध्यानात कसं राहिलं? म्हणाले, "खड्डा मीच घेतला ना." पोरांनी ते सगळं फोनवर रेकॉर्ड केलं. मामांनी ओळखून दिलेल्या, पाटी नसलेल्या कबरी ८७ झाल्या. त्या नोंदींपुढे 'मामांच्या सांगण्यावरून' असं लिहिलंय, म्हणजे वहीतली नोंद कुठली आणि तोंडी कुठली ते पुढच्या माणसाला कळेल.

नंबरासाठी आधी अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे ठोकले होते. तीन आठवड्यांत अकरा गेले, भंगारात. आता सिमेंटचे वीतभर ठोकळे ओततो, ओले असतानाच आकडे दाबतो आणि डोक्याशी जमिनीबरोबर पुरतो. एक ठोकळा बावीस रुपयांना पडतो.

सॉफ्टवेअरवाल्यांनी नावं बदलून दिली. देखभाल करारातच, ताईंनी सांगितलं तसं. सुरुवातीला ते 'नवीन व्हर्जन घ्या' म्हणाले, मी करारातली ओळ दाखवली. 'भाडेकरू नोंद' आता 'दफन नोंद' आहे. ११२अ आणि ११२ब पुन्हा एक झाले. सगळी माहिती दर महिन्याला एक्सेलमध्ये उतरवून घेतो. उद्या त्यांनी दुकान बंद केलं तरी आमच्याकडे आमचं राहील.

पंधराव्या दिवसाची यादी सुरू केली. आतापर्यंत सहा घरांना फोन गेले, त्यातल्या दोन घरी कुणीच अर्ज केलेला नव्हता. एक तर माझ्याच गल्लीतलं.

जे सापडलं नाही तेही लिहितो. पहिल्या वहीत १९१८च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोन पानं भरून नावं आहेत, एकेका दिवशी तीन-तीन, शेरा एकच, 'तापाने'. तो इन्फ्लुएंझाचा काळ. जागा कुणाचीच लिहिलेली नाही, लिहिणाऱ्याला तेवढी उसंत कुठली. पश्चिमेच्या कंपाउंडला लागून एक लांब उंचवटा आहे, सगळे म्हणतात तेच असावेत. कारकून पोरगा तिथलेच नंबर टाकायला निघाला होता. मी थांबवलं. रकान्यात 'जागा माहीत नाही' असं लिहिलंय आणि नावं सगळी चढवली आहेत.

जमीन आणि कॉम्प्युटर जुळल्यावर पहिल्यांदा खरा आकडा कळला. शिल्लक जागा ४१. गेल्या पाच वर्षांची सरासरी काढली तर वर्षाला १७ दफनं होतात. म्हणजे अडीच वर्षंही नाहीत. आजवर आम्ही नगरपालिकेत 'जागा कमी पडते' म्हणून अर्ज देत होतो, आता ओळीओळीचा नकाशा आणि हा हिशेब जोडून दिलाय. मुख्याधिकाऱ्यांनी जागा बघायला माणूस पाठवतो म्हटलंय. बघू.

आणि आजी. पुण्याला फोन लावून त्यांच्या वडिलांचं नाव विचारलं. दाविद मास्तर, प्राथमिक शाळेत शिकवायचे. वही काढली. १९७४, ऑगस्टचं पान: 'कुटुंब, दावीद मास्तर. वय ५२. विहिरीपासून पश्चिमेस तिसरी ओळ, बारावी.' कॉम्प्युटरवर तीच नोंद होती. टाइप करणाऱ्या पोराने नावाच्या रकान्यात 'कुटुंब' असं लिहिलं होतं आणि आडनावाच्या रकान्यात 'मास्तर'. त्याचा दोष नाही, वीस वर्षांचं पोर, त्याने कुटुंब म्हणजे बायको हे कधी ऐकलेलंच नाही. शोधात 'कुटुंब' टाकलं तर ६३ बायका निघाल्या. 'मंडळी' टाकलं, आणखी १९.

विहिरीपासून तिसरी ओळ मोजली. बारावीशी तरवडाचं झुडूप माजलेलं होतं, ते काढल्यावर काळ्या दगडाची कड लागली. पाटी नव्हती. मामा म्हणाले हा खड्डा त्यांनी घेतलेला नाही, त्यांच्या वडिलांच्या हातचा.

त्या बाई परवा रविवारी आल्या. ठोकळ्यावर प ३/१२ असं आहे. त्यांनी ठोकळ्यावरून हात फिरवला, मग खाली बसल्या. मुलगा खुर्ची आणायला निघाला तर नको म्हणाल्या. जाण्याआधी खोलीत येऊन त्यांनी कॉम्प्युटरवर आईचं नाव स्वतः सांगून भरून घेतलं: सारा दाविद, माहेरी रूथ असंही म्हणत.

आता त्या ६३ आणि १९ जणींची नावं शोधायची आहेत. मंडळीतल्या साठीपुढच्या सगळ्यांना दर रविवारी उपासनेनंतर पाच-पाच नोंदी वाचून दाखवतोय. दोन रविवारांत सात नावं मिळाली. बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या जुन्या नोंदींशी हे कुणी जुळवून पाहिलंय का? पाटीवाचक साहेब, तुम्ही केलं असेल तर पद्धत कळवा.